हॅलिबर्टन गेला, त्याच्या जागी कोण आले?

ऑक्टोबर 2019 मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएचे दोन हंगामपूर्व सामने झाले. एनबीएचे संघ भारतात पहिल्यांदाच एकमेकांशी खेळत होते. पहिल्या सामन्याला मुंबईतली हजारो शाळकरी मुले बसली होती. संघ होते सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले, त्यामुळे त्यांच्या संघाचे येणे साहजिक होते. दोन्ही सामने पेसर्सने जिंकले, पहिला तर जादा वेळेत अवघ्या एका गुणाने. पेसर्सकडून डोमांटस सबोनिस खेळत होता, किंग्जकडून डी'ॲरन फॉक्स आणि बडी हील्ड. सव्वादोन वर्षांनी याच दोन संघांत एक अदलाबदल झाली आणि तिच्यावरून सॅक्रामेंटोचे चाहते आजही एकमेकांशी तावातावाने भांडतात. या अदलाबदलीतला मुख्य माणूस मात्र वरळीत नव्हता. टायरीस हॅलिबर्टन तेव्हा आयोवा स्टेट विद्यापीठात शिकत होता.

2020 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, किंग्जने त्याला बाराव्या क्रमांकावर घेतले. इतक्या खालच्या क्रमांकावर असा पॉइंट गार्ड मिळणे हे किंग्जच्या वाट्याला क्वचितच आलेले भाग्य. दोनच वर्षांपूर्वी याच संघाने पुढे तारा ठरलेल्या लुका डाँचिचला सोडून मार्विन बॅग्लीला दुसऱ्या क्रमांकावर निवडले होते. त्या जखमेवर हॅलिबर्टन हे औषध वाटत होते. पॉइंट गार्ड म्हणजे चेंडू पुढे आणणारा, चाल ठरवणारा, कोणाच्या हाती केव्हा पास पडला तर बास्केट होईल हे बाकीच्यांच्या अर्धा क्षण आधी ओळखणारा खेळाडू. हॅलिबर्टनला ते पहिल्या महिन्यापासून जमत होते. शिवाय तो हसतमुख, गावात मिसळणारा, आणि आपल्याला इथेच राहायचे आहे असे उघडपणे सांगणारा होता. सॅक्रामेंटोत तेव्हा एनबीएचा एक संघ होता आणि त्याखेरीज पहिल्या दर्जाचा व्यावसायिक खेळ नव्हता. 2013 मध्ये तो संघही सिअ‍ॅटलला जायच्या बेतात होता. नामवंत खेळाडू या गावाला सहसा पहिली पसंती देत नाहीत. अशा गावात राहू इच्छिणारा तरुण पॉइंट गार्ड किती मोलाचा, ते सरासरीच्या तक्त्यात दिसत नाही.

8 फेब्रुवारी 2022 रोजी किंग्जने त्याला इंडियानाला देऊन टाकले. सोबत बडी हील्ड आणि ट्रिस्टन थॉम्प्सन गेले. बदल्यात सबोनिस, जेरेमी लॅम, जस्टिन हॉलिडे आणि ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीतली एक निवड आली. हॅलिबर्टनचा दुसराच हंगाम चालू होता. तो सामन्यामागे 14.3 गुण आणि 7.4 असिस्ट (थेट बास्केट करून देणारे पास) देत होता. वय होते एकवीस. त्याला धक्का बसला, तो दुखावला आणि त्याने ते लपवले नाही. चाहत्यांच्या मनात ही गोष्ट खोल रुतून बसली. संघाने खेळाडू विकला याचा राग होताच. आपल्यावर जीव लावणाऱ्याला आपण हाकलले याचे दुःख त्याहून मोठे होते.

गेलेल्याचे गुण मागाहून वाढत जातात. मेलेल्या म्हशीला मणभर दूध असे आपल्याकडे म्हणतात ते याच प्रवृत्तीला. पण किंग्जच्या चाहत्यांवर हा आरोप लागू होत नाही. हॅलिबर्टनचे मोठेपण त्यांच्या आठवणीत तयार झालेले नाही, ते मैदानावर घडले. इंडियानातल्या पहिल्या पूर्ण हंगामात त्याने 20.7 गुण आणि 10.4 असिस्टची सरासरी गाठली. पुढच्या हंगामात 10.9 असिस्ट घेऊन तो साऱ्या लीगमध्ये पहिला आला आणि पेसर्स पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत पोहोचले. 2025 च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, तर मिलवॉकी, क्लीव्हलँड, न्यूयॉर्क आणि ओक्लाहोमा सिटी या चारही प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध त्याने शेवटच्या सेकंदांत सामना फिरवला. अंतिम फेरीच्या पहिल्या सामन्यात घड्याळात 0.3 सेकंद उरले असताना त्याने टाकलेला चेंडू पडला आणि पेसर्स 111-110 असे जिंकले. त्याच वसंतात एनबीएच्या खेळाडूंच्या एका गुप्त मतचाचणीत त्याला 'सर्वांत अवाजवी डोक्यावर घेतलेला खेळाडू' ठरवण्यात आले होते. सोबत खेळणारेसुद्धा किती चुकू शकतात, याचा हा पुरावा. न्यूयॉर्कविरुद्धच्या चौथ्या सामन्यात त्याने 32 गुण, 15 असिस्ट आणि 12 रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर पकडलेले चेंडू) घेतले, आणि चेंडू एकदाही गमावला नाही. प्लेऑफच्या इतिहासात असे कोणी केले नव्हते.

खेळाडू म्हणून हॅलिबर्टन किती मोठा हा वाद इथे संपतो. किंग्जने ज्याला दिले तो त्यांच्याकडे नंतर आलेल्या कोणत्याही पॉइंट गार्डपेक्षा सरस ठरला. पण या वादात दोन प्रश्न एकमेकांत मिसळलेले आहेत. गेलेला खेळाडू किती मोठा झाला हा एक. त्याला देणे त्या दिवशी चूक होते का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला चिकटवले की न्याय होत नाही.

त्या दिवशीची स्थिती अशी होती. किंग्ज सलग सोळाव्या हंगामात प्लेऑफबाहेर राहणार होते. इतका दीर्घ दुष्काळ एनबीएत दुसऱ्या कोणत्याही संघाने पाहिलेला नव्हता. 2006 मध्ये जन्मलेले सॅक्रामेंटोतले मूल शाळेच्या वरच्या वर्गात पोहोचले तरी त्याने आपल्या संघाचा एक प्लेऑफ सामना पाहिलेला नव्हता. संघात दोन तरुण गार्ड होते आणि दोघांनाही चेंडू हातात हवा असे. फॉक्सशी 16 कोटी 30 लाख डॉलरचा पाच वर्षांचा करार झालेला होता आणि तो हंगाम त्याला जड चालला होता. वर 2021 च्या ड्राफ्टमध्ये किंग्जने नवव्या क्रमांकावर आणखी एक गार्ड, डेव्हियन मिचेल, घेतला होता. बास्केटखाली मात्र भरवशाचा माणूस नव्हता. सबोनिस तेव्हाच दोनदा ऑल-स्टार झालेला होता. असा उंच खेळाडू तुटपुंज्या किमतीत कोणी देत नाही. पेसर्सना हॅलिबर्टन हवा होता. सरव्यवस्थापक माँटी मॅकनेअर यांनी दोन गार्डांपैकी एक देऊन गरजेची जागा भरली.

फॉक्सला द्यायला हवे होते, असे चाहते म्हणतात. आज मागे वळून पाहता तेच बरोबर वाटते. पण महागड्या कराराचा आणि पडत्या हंगामातला फॉक्स देऊन सबोनिस मिळाला असता, हे सांगण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर आहे.

पुढच्या हंगामाकडे पाहिल्याशिवाय या व्यवहाराचे मोजमाप करता येणार नाही, आणि नेमका हाच हंगाम रागाच्या भरात विसरला जातो. 2022-23 मध्ये किंग्जने 48 सामने जिंकले आणि पश्चिम विभागात तिसरे स्थान मिळवले. त्या वेळपर्यंतच्या इतिहासातले सर्वांत फलदायी आक्रमण त्यांचे होते. सबोनिस रिबाउंडमध्ये लीगमध्ये पहिला आला. तो आणि फॉक्स दोघेही हंगामाच्या तिसऱ्या सर्वोत्तम संघात निवडले गेले. फॉक्सला अटीतटीच्या क्षणांतल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार मिळाला, आणि तो पुरस्कार त्याच वर्षी सुरू झाला होता. प्रशिक्षक माइक ब्राउन एकमताने वर्षातले सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले, मॅकनेअर सर्वोत्तम व्यवस्थापक. प्रत्येक विजयानंतर संघाच्या घरच्या मैदानावरून, गोल्डन वन सेंटरवरून, आकाशात जांभळा झोत सोडला जाई आणि अख्खे गाव तो बघायला बाहेर पडे. प्लेऑफच्या पहिल्या फेरीत गोल्डन स्टेटविरुद्ध सातवा सामना सॅक्रामेंटोतच झाला. गोल्डन स्टेटच्या स्टीफन करीने त्या दिवशी 50 गुण टाकले नसते तर काय झाले असते कोण जाणे. सतरा वर्षांनी गावाला मिळालेला तो वसंत हॅलिबर्टनला देऊनच आला होता. तो खोटा नव्हता.

चाहत्यांच्या हिशेबात मला जी मुख्य चूक दिसते ती इथे आहे. हॅलिबर्टनच्या जागी कोण आले, हे विचारताना ते गार्डांची यादी काढतात: फॉक्स, मिचेल, मलिक मंक, पुढे मार्केल फल्ट्झ, डेनिस श्रोडर, रसेल वेस्टब्रुक. एकेकाला हॅलिबर्टनशेजारी उभे करतात आणि एकेकाला नापास करतात. पण हॅलिबर्टन जे काम करत होता ते किंग्जमध्ये दुसऱ्या गार्डकडे गेलेच नाही. ते सबोनिसकडे गेले. 2022-23 मध्ये फॉक्सचे सामन्यामागे 6.1 असिस्ट होते आणि सबोनिसचे 7.3. त्याच्या पुढच्या हंगामात सबोनिसचे 8.2 झाले. सबोनिस सेंटर, म्हणजे बास्केटखाली खेळणारा उंच खेळाडू; तो फ्री थ्रो रेषेच्या कोपऱ्याशी चेंडू घेऊन उभा राहायचा, केव्हिन ह्युर्टर आणि कीगन मरे त्याच्याभोवती पळायचे, तो पाठीमागून किंवा हातातल्या हातात चेंडू द्यायचा आणि आडवे उभे राहून बचाव करणाऱ्याची वाट रोखायचा. चाल कोण ठरवत होते? हाच दोन मीटरहून उंच माणूस. त्यामुळे तुलना करायचीच असेल तर ती हॅलिबर्टन आणि सबोनिस यांची करायला हवी, मिचेलची नव्हे.

त्या तुलनेतही पारडे हॅलिबर्टनच्या बाजूने झुकते, हे मान्य करायला हवे. सबोनिसने सलग तीन हंगाम सर्वाधिक रिबाउंडची सरासरी राखली. 2023-24 मध्ये त्याने सलग 61 सामन्यांत दोन-दोन बाबींत दुहेरी आकडे गाठले. पण त्याच्याकडून बास्केटचे रक्षण होत नाही आणि तो दुरून फारसे फेकत नाही, त्यामुळे प्लेऑफमध्ये प्रतिस्पर्धी त्याला मोकळे सोडून बाकीच्यांची वाट अडवतात. गोल्डन स्टेटने नेमके हेच केले. चेंडू हाती असलेला गार्ड शेवटच्या मिनिटाला स्वतःसाठी जागा काढू शकतो; सेंटरला ती दुसऱ्याने काढून द्यावी लागते. नियमित हंगामात सबोनिसभोवती उभारलेले आक्रमण सुरेख चालते, प्लेऑफमध्ये त्याच्या मर्यादा उघड्या पडतात.

सॅक्रामेंटोला हा अनुभव नवा नाही. 1998 ते 2001 या काळात जेसन विल्यम्स किंग्जचा पॉइंट गार्ड होता. कोपराने दिलेले पास, पाठीमागून फिरवलेले पास, यांमुळे त्याची जर्सी देशभर खपत असे आणि किंग्ज दूरचित्रवाणीवर सर्वांना हवासा वाटणारा संघ झाला होता. पण चौथ्या सत्रात प्रशिक्षक रिक अ‍ॅडलमन त्याला बाकावर बसवून बॉबी जॅक्सनला पाठवू लागले होते. 2001 च्या उन्हाळ्यात विल्यम्सला ग्रिझलीजकडे देऊन माइक बिबी आणला गेला. लोक हळहळले. मग पुढच्या हंगामात किंग्जने 61 सामने जिंकले. लेकर्सविरुद्धच्या विभागीय अंतिम फेरीत पाचवा सामना बिबीच्याच फेकीने जिंकला गेला आणि ती फेरी सातव्या सामन्याच्या जादा वेळेपर्यंत गेली. आकडे पाहिले तर त्या पहिल्या हंगामात बिबीचे असिस्ट होते सामन्यामागे 5.0, विल्यम्सचे आदल्या हंगामात 5.4. म्हणजे पास देण्याच्या मापाने नवा माणूस जुन्यापेक्षा थोडा कमीच होता. पण व्लादे दिवात्स आणि क्रिस वेबर हे उंच खेळाडू त्या संघात पास देतच होते. गार्डकडून हवा होता तो वेळेवर पडणारा दुरून टाकलेला चेंडू आणि चुका न करण्याची शिस्त. बिबीने ते दिले. कोणीही आज विल्यम्स परत हवा होता असे गंभीरपणे म्हणत नाही, जरी 2006 मध्ये मायामीबरोबर त्याने विजेतेपद मिळवले तरी.

मग त्या वेळी जमले ते या वेळी का जमले नाही? कारण 2001 चा संघ बिबी आल्यावरही बचावात खंबीर होता आणि अ‍ॅडलमन पुढे पाच वर्षे तिथेच होते. 2023 नंतरच्या किंग्जने उलटे केले. ज्या संघाची पहिल्या दिवसापासूनची उणीव बचाव ही होती, त्या संघाने 2024 च्या उन्हाळ्यात डिमार डेरोझनसारखा आणखी एक गुण टाकणारा आणला. त्याच उन्हाळ्यात बचावासाठीच घेतलेल्या मिचेलला टोरंटोकडे सोडले. (पुढे मायामीत मिचेल भरवशाचा गार्ड ठरला. पण जाताना फार कोणाच्या डोळ्यांत पाणी आले नाही, कारण त्याच्या नावापुढे हॅलिबर्टनचे नाव लिहिलेले होते.) डिसेंबर 2024 मध्ये तेरा विजय आणि अठरा पराभव होताच ब्राउन यांना काढले. दोन वर्षांपूर्वीचे एकमताचे सर्वोत्तम प्रशिक्षक ते हेच. फेब्रुवारी 2025 मध्ये खुद्द फॉक्स सॅन अँटोनियोला गेला. बदल्यात झॅक लावीन आणि पहिल्या फेरीच्या तीन निवडी मिळाल्या. लावीन उत्तम फेकतो. तो पॉइंट गार्ड नाही.

हॅलिबर्टनच्या चाहत्यांचा सर्वांत बळकट मुद्दा इथे उभा राहतो आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. दोघांपैकी एकाला ठेवायचे म्हणून ज्याला ठेवले, तो तीन वर्षांत नव्या करारावर सही न करता निघून गेला. ज्याला घालवले त्याला राहायचे होते. खेळाडू निवडताना वेग, फेक, बचाव सारे मोजतात, पण या गावात कोणाला राहायचे आहे हेही मोजायला हवे होते. लॉस एंजेलिसच्या संघाने ते मोजले नाही तरी चालते, सॅक्रामेंटोच्या संघाला ते परवडत नाही.

दुसरीकडे, हॅलिबर्टन राहिला असता तर अंतिम फेरी सॅक्रामेंटोत झाली असती, हे वाक्य मात्र मला पटत नाही. इंडियानात पहिल्या दिवसापासून चेंडू त्याच्या हाती होता. रिक कार्लाइल यांच्यासारखा प्रशिक्षक पळापळीचा खेळ त्याच्याभोवती रचत होता. माइल्स टर्नर बास्केट राखत होता, अँड्र्यू नेम्हार्ड समोरच्या चांगल्या गार्डला पकडत होता, पास्कल सियाकम 2024 च्या जानेवारीत आला होता. यांतला एकही किंग्जकडे नव्हता आणि फॉक्सबरोबर हॅलिबर्टनला निम्मा चेंडूही मिळत नव्हता. त्याच्याशिवाय पेसर्सचे काय होते तेही दिसले. 22 जून 2025 ला अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यात, तीन लांबच्या फेकींनी नऊ गुण करून झाल्यावर, त्याच्या उजव्या पायाच्या टाचेमागची कंडरा तुटली. पुढच्या हंगामात तो नव्हता, टर्नरही मिलवॉकीला गेलेला होता, आणि अंतिम फेरी खेळलेला तो संघ तळाशी जाऊन पोहोचला. म्हणजे संघ त्याने उभा केला हे खरे, आणि त्याला तसा संघ दिला गेला हेही खरे.

किंग्जने 2025 च्या उन्हाळ्यात श्रोडरला आणले, ऑक्टोबरात वेस्टब्रुकला. श्रोडर हा 2023 च्या विश्वचषकाचा आणि 2025 च्या युरोबास्केटचा सर्वोत्तम खेळाडू, जर्मनीचा कर्णधार. वेस्टब्रुक 2017 चा एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू, पण तोवर कारकिर्दीच्या उतारावर आलेला. या दोघांना हॅलिबर्टनच्या मापाने मोजणे निरर्थक आहे. त्यांना आणले गेले ते तो हंगाम निभावून नेण्यासाठी. त्यांनी चेंडू नीट पुढे आणला का, तरुणांना मोकळ्या जागा काढून दिल्या का, बचावात उभे राहिले का, एवढेच त्यांना विचारावे.

माझा कौल असा. फेब्रुवारी 2022 मध्ये किंग्जने जास्त मोठा खेळाडू दिला आणि कमी मोठा घेतला. व्यवहार म्हणून तो त्यांच्या नुकसानीचा ठरला. तरी त्या दिवशी तो वेडेपणाचा नव्हता, आणि 2023 चा वसंत त्यातूनच आला. अक्षम्य आहेत त्या पुढच्या दोन वर्षांतल्या गोष्टी: बचावाकडे केलेले दुर्लक्ष, ब्राउन यांची तडकाफडकी हकालपट्टी, आणि फॉक्स जाताना त्याच्या बदल्यात पॉइंट गार्ड न घेणे. मॅकनेअर एप्रिल 2025 मध्ये गेले, रणदिवे अजून आहेत, आणि हे प्रश्न त्यांनाच विचारायला हवेत. हॅलिबर्टनसाठी हळहळणाऱ्यांनी जरूर हळहळावे. पण गोल्डन वन सेंटरमध्ये सबोनिस चुकला की त्याला इंडियानाच्या नावाने टोमणा मारू नये. तो स्वतःहून आला नव्हता, त्याला आणले होते, आणि त्याच्याकडून मागितले तेवढे त्याने दिले आहे.